अक्काच्या चेहऱ्यावरची सावली

बसा, बसा. चहा मीच केला आहे, तेव्हा साखर कमी-जास्त वाटली तर मनातल्या मनात म्हणा. आणि तो चित्राचा प्रसंग ऐकायचाच आहे म्हणता? अहो, माणसानं आपल्याच फजितीचं पारायण करायचं तरी किती वेळा! व्याही आले की सांगा, पाहुणे आले की सांगा, मंडळात नवा टाळकरी आला की त्याला बसवून सांगा. सांगून सांगून मी थकलो आहे. पण तुम्ही लांबून आलात, आणि माझ्या हातचा चहा तोंड वाकडं न करता पिता आहात. इतक्या सहनशील श्रोत्यांना विन्मुख कसं पाठवू? ऐका तर.

गोष्ट ऐंशी सालानंतरची. जळगावात आमच्या आळीत तेव्हा एकाच घरी टीव्ही होता. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवून मी नुकताच निवृत्त झालो होतो. सकाळी पूजा, दुपारी पोथी, संध्याकाळी भजनी मंडळ, असा माझा दिवस इतका पवित्र असे, की माझ्याकडून काही चूक घडू शकते हे माझ्या ध्यानातच येत नसे.

त्या वर्षी आखाजीला आमची लेक शालू धुळ्याहून माहेरी आली. आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकींचा सण. झोके बांधायचे, गाणी म्हणायची, आमरस खाऊन आडवं व्हायचं. ही मात्र झोक्याकडे फिरकली नाही. ट्रंक उघडून जुने फोटो पसरून बसली. कारण काय, तर जावई रेल्वेत, आणि त्यांची बदली झाली होती थेट आसामला.

"आबा," ती म्हणाली, "तिकडून सारखं येणं व्हायचं नाही. मला आई बघावीशी वाटली तर मी काय बघू? यातला एक तरी फोटो दाखवा, ज्यात आईचे डोळे उघडे आहेत!"

मी बघितलं. खरंच नव्हता हो! तिच्या आईला, म्हणजे आमच्या अक्काला, कॅमेऱ्याचा प्रकाश चमकला की डोळे मिटायची खोड. सगळी आळी तिला अक्का म्हणते, म्हणून मीही म्हणतो. तर लग्नाच्या फोटोत मी छाती काढून बसलेला आणि शेजारी अक्का समाधिस्थ. शालूच्या बारशाला समाधिस्थ. वास्तुशांतीला समाधिस्थ. पाहुणे अल्बम चाळून म्हणत, "आबा, घरात खरी अध्यात्माची ओढ अक्कांना दिसते!" मला ते मुळीच आवडत नसे.

"वानखेडे सरांकडून आईचं चित्र काढून घ्या," शालू म्हणाली. "समोर बसवून. डोळे उघडे असलेलं. आम्ही निघायच्या आत मला धुळ्याला आणून द्या. दुसरं काही नको मला."

आता लेकीनं एवढंच मागितलं म्हटल्यावर? मी त्याच संध्याकाळी वानखेड्यांचं दार ठोठावलं.

वानखेडे सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवत. माझ्याहून बरेच लहान, माणूस भला, हात सोन्याचा. दोष एकच. त्यांच्या बोलण्यात 'मूड' हा शब्द नामस्मरणासारखा येई. भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हणत, "भाजीला मूड नाही." उन्हाळ्याची सुट्टी होती, ते आनंदानं तयार झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅनव्हास, तो टेकवायचा लाकडी घोडा, रंगाच्या नळ्या घेऊन आमच्या पूर्वेकडच्या खोलीत दाखल. खिडकी बघून खूश झाले, खुर्ची मांडली, आणि अक्काला बोलावलं.

ती पदराला हात पुसत आली. "काय करायचं मी?"

"काही नाही, अक्का. फक्त बसायचं."

"बसायचं म्हणजे? नुसतं?"

"नुसतं. हात मांडीवर."

"हातात काही न घेता?" तिनं माझ्याकडे बघितलं. "अहो, सरांना म्हणावं, निदान लसूण तरी सोलू द्या. दिवसाउजेडी नुसती बसलेली बाई बघून लोक काय म्हणतील?"

शेवटी लसणाचा वाडगा मांडीवर घेऊन ती बसली. वानखेड्यांनी मागची खिडकी बंद केली, पुढची उघडी ठेवली आणि मला समजावलं, "उजेड एकाच बाजूनं हवा, आबा. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत. सगळीकडून उजेड पाडला की चेहरा थाळीसारखा सपाट होतो. माणूस दिसतो तो सावलीमुळे."

मी मान डोलावली. कळलं काहीच नाही. जपमाळ घेतली आणि खिडकीशी उभा राहिलो. म्हटलं, जपही होईल आणि देखरेखही. चित्र होत असताना वानखेडे कॅनव्हास कुणाला बघू देत नसत. ते रंगवत, ती लसूण सोली, मी नाम घेई. चार-सहा सकाळी अशा गेल्या.

मग एके दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि अभिमानानं कॅनव्हासवरचं फडकं काढलं.

तुम्हाला खोटं वाटेल, माझ्या हातातली माळ थांबली! चित्रात एक बाई बसली होती. डोळ्यांखाली काळं. गाल ओढलेले. मान किंचित कललेली, जसं काही डोक्यावरचं ओझं उतरवायला जागा शोधते आहे आणि ती सापडत नाही. अर्धा चेहरा काळोखात बुडालेला. आणि उरलेल्या अर्ध्यावरही कसली तरी मळकट सावली.

"वानखेडे, ही कोण?"

"अक्का."

"आमची?"

"दुसऱ्या कुणाची अक्का काढीन मी?"

"पण ही थकलेली दिसते हो!"

"दिसतेच!" वानखेडे उजळून म्हणाले. "तोच तर मूड आहे! असा अस्सल थकवा मुंबईच्या मॉडेललासुद्धा जमायचा नाही!"

"अहो, हे चित्र आसामला जायचं आहे! शालू रोज उठून हे बघणार? तिच्या शेजारणी विचारतील, तुझ्या आईला वडील जेवायला देत होते की नाही?"

आता माझी बाजू नीट समजून घ्या. मी देवघरात रोज निरांजन ओवाळतो. का ओवाळायचं? देवाच्या मुखाचा कोणताही भाग अंधारात राहू नये म्हणून. उजवीकडून, डावीकडून, हनुवटीखालून, सगळीकडे उजेड पोचला पाहिजे, तर ते दर्शन. वानखेड्यांचं चित्र मला अर्ध्यावर सोडून दिलेल्या आरतीसारखं वाटलं. तसं मी त्यांना म्हटलंही.

वानखेडे हसले. "आबा, तुमच्या अभंगांतला देव काळा. त्याच्या काळेपणावर तुम्ही मंडळी तासन् तास गाता. आणि अक्कांच्या गालावर बोटभर काळोख तुम्हाला सोसत नाही?"

आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाला चित्रकलेच्या मास्तरानं अभंगांवरून धडा द्यावा! मग स्वस्थ बसवेल का, सांगा बरं? मी मनाशी ठरवलं, हा थकवा उतरवायचा. आणि इथून माझ्या बुद्धीनं जो घसरगुंडीचा मार्ग धरला, तो काही विचारू नका.

पहिला उपाय समयांचा. अक्काच्या दोन्ही बाजूंना दोन मोठ्या समया लावायच्या, म्हणजे सावलीला जागाच उरणार नाही. समया माळ्यावरून काढल्या. चिंच लावून घासल्या कुणी? अक्कानं. वाती वळल्या कुणी? अक्कानं. आणि ज्योत हलू नये म्हणून पंखा बंद केला कुणी? तो मात्र मी. वैशाखातलं जळगाव, पंखा बंद, दोन्ही कानांशी दोन पेटत्या समया! थोड्याच वेळात अक्काच्या कपाळावरून घामाचे ओघळ सुरू झाले.

तिचं माहेर धुळ्याकडचं. एरवी ती माझ्याशी शुद्ध बोलते; संतापली की थेट माहेरच्या बोलीत उतरते.

"मी काय देव शे का, समया लावाले?" ती म्हणाली.

आणि वानखेडे? ते कुंचला उंचावून ओरडले, "वा! काय घामाची चमक आली! अक्का, अशाच राहा!"

पहिला उपाय फसला. तेव्हा मी विचार केला, बाहेरून उजेड पाडून काय होणार? प्रसन्नता आतून यायला हवी. मनात नाम गेलं की मुखावर तेज येतं, हे मी स्वतः कित्येक प्रवचनांत सांगत आलो होतो. मग मी अख्ख्या भजनी मंडळालाच सकाळी घरी बोलावलं. टाळ, मृदंग, पेटी, सगळा सरंजाम. अक्का खुर्चीत, वानखेडे कॅनव्हासपुढे, मंडळ ओसरीवर, आणि मी खिडकीशी, मुखावर तेज केव्हा येतं ते बघत.

पहिला अभंग संपला. मृदंगवाल्यांनी घाम पुसला. "अक्का, चहाचं बघता का?"

अक्का उठली.

"अक्का, हलू नका!" वानखेडे कळवळले. "मूड जाईल!"

"अक्का, माझा बिनसाखरेचा हो!" पेटीवाले म्हणाले.

"आणि थोडं आलं ठेचून," टाळकऱ्यांनी कोरस केला.

ती आली, बसली. दुसरा अभंग झाला. पुन्हा चहा. तिसऱ्यानंतर कुणाला तरी भरिताची आठवण झाली. म्हणाले, आबांच्या घरचं वांग्याचं भरीत म्हणजे काय वर्णावं! मी उदार मनानं म्हटलं, "मग जेवूनच जा की!" त्यात गच्चीवर बिबड्या वाळत घातलेल्या. ज्वारीचे ते पातळ पापड घालायचे दिवसच ते. अक्काचा एक कान गच्चीवरच्या कावळ्यांकडे, दुसरा चुलीवरच्या दुधाकडे, आणि चेहरा वानखेड्यांकडे. आठवडाभर मंडळ रोज आलं. रोज गायलं. रोज जेवलं.

वानखेडे तर आनंदानं वेडे व्हायचे बाकी होते. माझा हात धरून म्हणाले, "आबा, रोज थकवा वाढतो आहे! काय खोली आली आहे डोळ्यांना! तुम्ही नक्की काय करता आहात ते मला कळत नाही, पण कृपा करून करत राहा!"

आम्ही दोघं त्या थकव्यावरून असे भांडत होतो, जसा काही तो आमच्या दोघांच्या मालकीचा आहे. एकाला तो ठेवायचा होता, दुसऱ्याला पुसायचा होता. चहा करायला उठावं, हे मात्र दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

अजून कळस व्हायचा होता. आळीत मोठ्यानं बोललं जाऊ लागलं, की आबांच्या घरी दिवसाढवळ्या भजन चालू आहे आणि अक्कांचं मोठं चित्र तयार होतं आहे. यावरून लोकांनी काय काढायचा तो अर्थ काढला, आणि कुठल्याशा एसटीच्या प्रवाशाबरोबर ती वार्ता तिच्या माहेरी पोचली. दुसऱ्या दिवशी अक्काचा धाकटा भाऊ दगा, धोतर सावरत, रडत रडत ओसरीवर चढला. समोर खोलीच्या उघड्या दारातून दिसणारं, घोड्यावरचं ते काळवंडलेलं चित्र. त्यानं तिथंच बसकण मारली आणि हंबरडा फोडला, "मनी बहीण व! मनी अक्का व!"

आतून चहाचा ट्रे घेऊन अक्का बाहेर आली. "दगा? कोन गयं रे?"

दगानं वर बघितलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं. "तू!"

"मी आठे शे," अक्का म्हणाली. आवाजात राग नव्हता, आश्चर्य नव्हतं, काहीच नव्हतं. "बस. चहा ले."

स्वतःच्या सांत्वनाला आलेल्या माणसाला स्वतः चहा करून देणारी बाई मी तरी दुसरी बघितली नाही. आणि दगा गेला का परत? छे! डोळे पुसून म्हणाला, "आते उनूच शे तं चार रोज ऱ्हास." म्हणजे घरात आणखी एक ताट वाढलं.

इकडे शालूचे धुळ्याहून निरोपावर निरोप. सामान बांधून झालं, पंधरा-वीस दिवसांत निघतो, चित्र कुठंवर आलं? पोरीला काय, हे रडवं चित्र नेऊन देऊ? आयुष्यभर तिच्या मनात आई अशीच राहील?

तेवढ्यात वानखेड्यांनी एका सकाळी मला गंभीर चेहऱ्यानं बाजूला घेतलं. "आबा, एक गूढ आहे. अक्कांच्या उजेडातल्या गालावरही एक सावली पडते. रोज पडते. मला वाटलं, जाईल. जात नाही. उलट दिवसेंदिवस ठळक होते आहे. मी दिसलं तसं रंगवलं. पण आकार बघा. खाली रुंद, वर निमुळता, शेवटी टोक. हे काय असावं?"

मी पुढे होऊन निरखून बघितलं. आणि माझ्या अंगावर काटा आला!

"वानखेडे," मी कापऱ्या आवाजात म्हटलं, "हा देवळाचा कळस आहे."

"काय म्हणता!"

"अहो, उघड दिसतो आहे! हे खालचं मंदिर, हे शिखर, हा कळस. इतके दिवस घरात नामघोष झाला, त्याची ही खूण!"

ज्या सावलीशी मी भांडत होतो, तिच्याचपुढे मी हात जोडले. मी ओसरीवर जाऊन मंडळाला वर्दी दिली. सगळे टाळ खाली ठेवून धावत आत आले. पेटीवाल्यांनी चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाले, "स्पष्ट आहे." मृदंगवाल्यांना तर ध्वजही दिसला. दगानं चित्रापुढे लोटांगण घातलं. आदल्या आठवड्यात ज्या चित्रापुढे रडला, त्याच चित्रापुढे. कुणी तरी उदबत्ती लावली. मी डोळे मिटून उभा. आवाज चढवून म्हणालो, "अक्का, धन्य झालीस! तुझ्या गालावर देऊळ उमटलं आहे!"

अक्का खुर्चीतून उठली नाही. लसूण सोलता सोलता म्हणाली, "ती तुमची टोपी आहे."

सगळ्यांच्या माना माझ्या डोक्याकडे वळल्या.

"काय?"

"टोपी. डोक्यावरची. तुम्ही रोज खिडकीत उभे राहता ना माळ घेऊन? ऊन मागून येतं. खालचं रुंद ते तुमचे खांदे, आणि वरचं टोक ती टोपी."

मी सावकाश मागे वळून बघितलं. मागे खिडकी. खिडकीतून ऊन. उन्हात मी. आणि मी हललो तसा समोर अक्काच्या गालावरचा कळस हलला हो!

पेटीवाल्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"अगं, मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?" मी कसाबसा म्हणालो.

"सांगायचं काय त्यात? ऊन सरळ डोळ्यांत येत होतं. तुम्ही उभे राहिलात की तेवढी सावली पडायची. म्हटलं, एवढा तरी उपयोग होतो आहे, होऊ द्यावा."

वानखेडे मात्र पांढरेफटक पडले होते. "म्हणजे मी दोन आठवडे... आबांची टोपी रंगवत होतो?"

"अहो, पण तुम्ही चित्रकार! तुम्हाला दिसलं नाही?"

"चित्रकार सावली बघतो, आबा! ती कुणाची आहे, हे बघत बसत नाही!" त्यांनी रंग कालवायची पट्टी उचलली आणि गालावरचा रंग खरवडायला सुरुवात केली. मृदंगवाल्यांनी आपला ध्वज जाताना बघून उसासा टाकला. मग वानखेडे माझ्याकडे वळून, शब्द तोलून म्हणाले, "यापुढे या खोलीत एक तर मी राहीन, नाही तर तुम्ही. शालू निघायला पंधरा दिवस उरले आहेत. ठरवा."

देवाची कृपा, की त्याच सुमारास रावेरहून आमंत्रण आलं होतं. तिथल्या एका केळीवाल्या बागायतदारानं सप्ताह मांडला होता, आमचं सगळं मंडळ हवं होतं. मी अक्काला विचारलं, "जाऊ का?" वाक्य पुरं व्हायच्या आत माझी पिशवी भरून दारात! धोतरं, टोप्या, माळ, पंचा. तिनं इतक्या चपळाईनं माझी तयारी कधी केली नव्हती. "दगालाही घेऊन जा," ती म्हणाली. "त्याला केळी आवडतात."

रावेरला आम्ही गेलो. काय सांगू तिथली दगदग! दिवसभर भजन, पंगतीत वाढणं, बाहेर केळीच्या ट्रकांची वर्दळ, आणि मांडवात सतरंजीवर झोप. अंग आंबून गेलं. पण माझा हेतू एकच. रोज देवापुढे उभा राहून मी मागत होतो, "बाबा रे, माझी लेक लांब चालली आहे. अक्काच्या मुखावर प्रसन्नता येऊ दे. एवढं कर."

सप्ताह संपला. थकून-भागून जळगावला परतलो, तर आमच्या ओसरीवर वानखेडे डोकं धरून बसलेले.

"काय झालं हो? चित्र झालं?"

"झालं," ते खिन्नपणे म्हणाले. "चित्र झालं, पण मूड गेला, आबा. पार गेला."

"म्हणजे?"

"पहिल्या दिवशी अक्का खुर्चीत बसल्या आणि बसल्या बसल्या झोपल्या. मी म्हटलं, असू दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा झोपल्या. तिसऱ्या दिवशी माझ्याआधी येऊन बसल्या, बिनलसणाच्या! बघतो तर डोळ्यांखालचं काळं गायब! गालांना तजेला! कुठून आणू मी परत तो थकवा? इतका सुंदर थकवा होता!" त्यांचा आवाज खरोखर भरून आला. "मग जे समोर होतं ते काढलं."

मी आत धावलो. फडकं काढलं.

काय दर्शन ते! सकाळचं ऊन अक्काच्या एका गालावर निवांत टेकलं होतं. दुसरी बाजू सावलीतच होती. पण आता ती सावली काळोखासारखी वाटत नव्हती, उन्हातून घरात आल्यावर गारवा लागतो ना, तशी वाटत होती. आणि डोळे! उघडे, स्वच्छ, समोर बघणारे. ओठांच्या कोपऱ्यात हसू आहे की नाही, असं. मी किती तरी वेळ उभा राहिलो. संसार केला हो या बाईबरोबर, पण हा चेहरा मी कधी बघितला होता, ते काही केल्या आठवेना.

आणि तुम्हाला वाटेल, एव्हाना तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला असेल. छे! मी काय समजलो? माझी प्रार्थना फळाला आली! मी तिकडे रावेरला नाम घेतलं आणि इकडे जळगावला मुखावर तेज चढलं! मी मंडळात पेढे वाटले. संध्याकाळी त्याच विषयावर निरूपण केलं. वानखेडे मागं बसून माझ्याकडे बघत होते. माणसानं एखाद्या अजब प्राण्याकडे बघावं, तसे.

"तूही चल धुळ्याला," मी अक्काला म्हटलं.

"मी आखाजीलाच पोटभर भेटले तिला. आता निघताना बघवायचं नाही मला. तुम्हीच जा," ती म्हणाली. "आणि घाईनं परतू नका. लेक लांब चालली आहे. राहा चार दिवस. आठ राहिलात तरी चालेल."

किती समजूतदार बाई! माझे डोळे पाणावले.

रंग अजून ओला होता. म्हणून चित्राला चादर न टेकता ती वरून हातांनी तोलून धरायची, अशा अवस्थेत मी जळगाव ते धुळे एसटीनं प्रवास केला. दोन्ही हात आखडून गेले. पण शेजारच्या प्रवाशाला, पुढच्या बाकावरच्याला आणि कंडक्टरला मी नामाचा महिमा समजावून सांगितला. कंडक्टर म्हणाला, "आबा, तिकीट दाखवा."

शालूच्या घरात ट्रंका, बोजे, दोऱ्या. भिंती उघड्या पडलेल्या. मी चित्र एका ट्रंकेवर टेकवलं आणि चादर दूर केली.

शालू समोर जमिनीवर बसली. मग हळूच म्हणाली, "आईचे डोळे असे आहेत होय!" आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. रडता रडता हसायलाही लागली. मला भरून आलं. माझ्या हातून लेकीचं एवढं एक काम झालं होतं! मी घसा साफ केला, पालखट मांडी घातली आणि सुरुवात केली, "बाळ, चित्रातली ही जी प्रसन्नता तुला दिसते, तिच्यामागं एक फार मोठी साधना आहे. हे तेज असं सहजासहजी येत नसतं—"

चित्रावरची नजर न काढता शालूनं विचारलं, "आबा, तेव्हा तुम्ही कुठल्या गावाला गेला होतात?"

"रावेरला," मी म्हटलं.